मे महिन्यातलं शेवाळ

गॅलरीचा कोपरा खाली गेला तेव्हा माझा नवरा त्यावर खुर्ची टाकून बसलेला होता आणि माझ्या हातात त्याचा चहा होता.

आवाज फार मोठा झाला नाही. लोक नंतर सांगत सुटले की बॉम्ब फुटल्यासारखा झाला, स्टेशनपर्यंत ऐकू गेला. मी चार हातांवर उभी होते. चहात जास्त वेळ धरलेलं बिस्कीट कसं मधूनच सुटून पडतं, तसं झालं. आधी कोपरा जरासा झुकला. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. त्याच्या तोंडावर भीती नव्हती, मीच काहीतरी केलं असा संशय होता. इतकी वर्षं संसार झाला की माणूस मरतानासुद्धा पहिला संशय बायकोवरच घेतो. मग खुर्ची, नवरा, वर्तमानपत्र, कठडा सगळंच गेलं, आणि जिथे तो बसला होता तिथून मला समोरच्या बिल्डिंगचा जिना दिसायला लागला.

मी पुढे पाऊल टाकलं. शेजारणीने मागून माझा पदर धरला आणि मला अशी ओढली की मी तिच्याच उंबऱ्यात बसले. चहा तिच्या अंगावर सांडला. ती म्हणाली, "वैनी, तुम्ही कुठे निघालात? एक गेला तेवढा पुरे."

तो मेला असंच मी धरून चालले होते. त्या वेळी तोंडात देवाचं नाव यायला पाहिजे असं म्हणतात. माझ्या मनात आलं ते वेगळंच. ती फट मी बुजवली होती.

आमची बिल्डिंग डोंबिवली पूर्वेला. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर एक लांब गॅलरी आणि गॅलरीवर पाच बिऱ्हाडं. आम्ही पहिल्या मजल्यावर, अगदी टोकाला. टोकाला असल्यामुळे गॅलरीचा तो कोपरा आमचाच, असं आम्ही ठरवून टाकलं होतं. नवरा एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात होता. नोकरी होती तोवर त्याला घर कमी पडलं नाही, कारण तो घरात नसायचाच. रिटायर झाला आणि दीड खोलीत दिवसभर माझ्या पायात यायला लागला. भाजी चिरली की बारीक का चिरलीस, जाड चिरली की जाड का. शेवटी मी एक प्लास्टिकची खुर्ची उचलली, त्या कोपऱ्यात नेऊन ठेवली आणि त्याला सांगितलं की आजपासून तुमचं ऑफिस इथे. तो तिथे जो बसला तो बसलाच. सकाळी उठला की तांब्या घेऊन तिथेच तोंड धुवायचा, कठड्यावरून खाली गुळण्या टाकायचा, मग वर्तमानपत्र, मग खालून जाणाऱ्या प्रत्येकाला कुठे चाललास म्हणून विचारणं. खाली इस्त्रीवाल्याचं पत्र्याचं खोपटं होतं. गुळण्या कधी कधी पत्र्यावर पडायच्या. इस्त्रीवाला वर बघायचा. नवरा हात करायचा. दोघांना ते नमस्कार वाटायचे.

त्याच कोपऱ्यात, भिंत आणि गॅलरीची लादी जिथे मिळतात तिथे, शेवाळ होतं. वीतभर लांब, हिरवं, हात लावला तर मखमलीसारखं. मला शेवाळाचं काही कौतुक नाही. मी कोकणातली. आमच्याकडे पावसाळ्यात अंगणातला प्रत्येक चिरा हिरवा होतो आणि प्रत्येक घरातलं एक माणूस त्यावरून घसरून कंबर मोडतं. नारळाच्या सोडणाने घासून काढायचं, एवढंच शेवाळाचं शिक्षण मला मिळालं होतं. बाकी शाळा म्हणाल तर चौथीपर्यंत.

पुढचं शिक्षण नातीने दिलं. मुलगा दिव्याला राहतो, दिवा स्टेशनजवळ. सात मजल्यांची बिल्डिंग, लिफ्ट आहे, समोर बघायला दुसरी बिल्डिंग आहे, पाणी नाही. टँकर आला की बायका बादल्या घेऊन धावतात आणि टँकर आला नाही की सुनेचा मला फोन येतो. म्हणून नात दर मे महिन्यात आमच्याकडे यायची. आजी-आजोबांच्या ओढीने यायची असं नवऱ्याला वाटायचं. ती पोटभर आंघोळ करायला यायची. मला त्यात वाईट वाटलं नाही. मी तिच्या जागी असते तर कपडेही घेऊन आले असते.

या वेळी आली तेव्हा ती नववीत जाणार होती. आल्या दिवशी आंघोळ करून, केस पुसत ती त्या कोपऱ्यात उकिडवी बसली आणि शेवाळाकडे बघत राहिली. दिव्यात तिने शेवाळ बघितलंच नव्हतं. तिथे माणसाला पाणी नाही, शेवाळाला कोण देणार?

"आजी," तिने विचारलं, "याला पाणी कोण घालतं?"

मी म्हटलं, "तुझे आजोबा. गुळण्या करतात ना तिथे."

नवरा पेपरातून बाहेर आला आणि म्हणाला की तो गुळण्या कठड्याबाहेर टाकतो, भिंतीवर नाही. मी म्हटलं की तुमचा नेम मला माहीत आहे, संडास मी धुते. हे भांडण तिथे सुरू झालं आणि सहा-सात महिने चाललं. मी ते इतकं सविस्तर सांगते आहे, कारण हे भांडण नसतं तर पुढचं काही झालं नसतं.

नातीला भांडणात रस नव्हता. ती खाली गेली आणि कंपाउंडच्या भिंतीवरून काळा, वाळका, पापुद्र्यासारखा एक तुकडा खरवडून घेऊन आली. मला वाटलं रंगाचा पोपडा आहे. ती म्हणाली हेसुद्धा तेच आहे. एका बशीत तो ठेवला आणि वरून चमचाभर पाणी घातलं. आम्ही तिघं बशीभोवती बसलो, जसं काही बाळ होणार आहे. थोड्या वेळात तो तुकडा फुगायला लागला. मग काळ्यातून हिरवा झाला. चहा निवायच्या आत बशीत शेवाळ उभं होतं.

"मेलेलं उठलं," नवरा म्हणाला.

नात म्हणाली, मेलेलं नव्हतं, थांबलेलं होतं. मग तिने आम्हाला पुस्तकातलं सांगितलं. मोठ्या झाडांच्या अंगात बारीक बारीक नळ असतात. मूळ जमिनीतून पाणी ओढतं आणि त्या नळांतून ते शेंड्यापर्यंत चढतं. या शेवाळाच्या अंगात नळच नाहीत. मुळंही नाहीत, नुसते दोऱ्यासारखे धागे आहेत, भिंतीला धरून बसायला. ते सगळ्या अंगाने पाणी पितं. पानं इतकी पातळ की पाणी लागलं की आत, आणि ऊन लागलं की तसंच बाहेर. साठवून ठेवायची सोय नाही, लांबून आणायची सोय नाही. म्हणून जिथे ओल तिथेच ते राहतं, आणि म्हणून बोटभरही उंच होत नाही. उंच झालं तर शेंड्याला पाणी कोण पोचवणार?

मी म्हटलं, म्हणजे हे तुमच्या दिव्यासारखं. वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही. ती हसली. म्हणाली, बरोबर, फक्त ते शहाणं आहे, ते सात मजले बांधत नाही.

पुढचं सांगताना ती जरा अडखळली आणि आजोबांकडे बघितलं. मी म्हटलं सांग, आजोबांना सगळं माहीत आहे, विसरले असतील एवढंच. तर शेवाळाला पोरं होण्याची भानगड अशी की नराचं बीज पोहत जातं. खरंखुरं पोहत, शेपटी हलवत. मधे पाण्याचा थर असला तर ते मादीपर्यंत पोचतं. पाणी नसलं तर लग्न मोडलं. मला हे फार पटलं. नवऱ्यांना कष्टाशिवाय काही मिळू नये अशी व्यवस्था मी पहिल्यांदाच ऐकत होते. नवरा म्हणाला की पोरींना शाळेत काय वाटेल ते शिकवतात, आणि पेपर घेऊन तोंड लपवलं.

पण पोरगी मूळ प्रश्न सोडत नव्हती. कंपाउंडच्या भिंतीवरचं शेवाळ वाळून काळं झालं. जिन्यातलं वाळलं. गच्चीवरचं तर हाताने चुरलं जात होतं. दिवाळीनंतर पाऊस नाही, ऊन असं की लादीवर अनवाणी पाय ठेवता येत नाही. मग हा एवढाच वीतभर तुकडा मे महिन्यात हिरवा कसा? "आजी, याला रोज पाणी मिळतंय. रोज."

हा इतका साधा हिशोब होता. चौथी पास बाईला सहज कळण्यासारखा. पण माझ्याकडे उत्तर तयार होतं आणि ते उत्तर खुर्चीत बसलं होतं. तयार उत्तर असलं की माणूस प्रश्नाकडे बघत नाही. मी नवऱ्यावर पहारा बसवला. शेजारणीला सांगितलं की मी स्वयंपाकात असले की तुम्ही लक्ष ठेवा.

शेजारीण म्हणजे माझ्या बाजूच्या खोलीतली. विधवा, मूळची खानदेशातली, महापालिकेच्या शाळेत शिपाई होती. मी तिच्या घरी बुद्धपौर्णिमेची खीर खाते, ती माझ्या घरी गणपतीचे मोदक खाते, आणि बाकीचे दिवस आम्ही एकमेकींच्या घरात काय चाललंय ते खातो. तिच्यासारखी पहारेकरीण मिळाली नसती. तिने चार दिवसांनी मला अहवाल दिला की गुळण्या बाहेर जातात, पण वाऱ्याच्या दिवशी थोडं आत येतं. मला तेवढं पुरलं. नवऱ्याला ते ऐकवलं तर तो तिच्याशी महिनाभर बोलला नाही, आणि ती म्हणाली की काय शांत गेला महिना.

नात जूनमध्ये दिव्याला परत गेली. पाऊस सुरू झाला आणि मग सगळंच हिरवं झालं. जिना हिरवा, गच्ची हिरवी, इस्त्रीवाल्याचा पत्रा हिरवा. आमचा कोपरा त्या गर्दीत मिसळून गेला. पावसाळ्यात शेवाळावर कोणी संशय घेत नाही.

मग गणपती जवळ आले.

आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो, सासऱ्यांच्या वेळेपासून. गणपती येण्याआधी मी घर कसं काढते हे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत आहे. पंखे उतरतात, डबे उतरतात, नवरा गॅलरीत उतरतो. कोकणातल्या बायकांना हे कोणी शिकवावं लागत नाही. देव वर्षातून एकदा येणार आणि दाराशी हिरवा बुळबुळीत कोपरा बघणार, हे मला चालणार नव्हतं. मी तारेचा ब्रश घेतला, नवऱ्याला खुर्चीसकट उठवलं आणि गुडघ्यावर बसून ते शेवाळ मुळासकट घासून काढलं. मुळासकट म्हणजे धाग्यांसकट. वर ॲसिड टाकलं. खालून स्वच्छ सिमेंट निघालं, आणि त्या सिमेंटमध्ये एक फट निघाली.

बारीक होती. भिंतीच्या कडेने कोपऱ्यापर्यंत गेलेली, नखाचं टोक जाईल एवढी. कोणतीही बरी बाई अशा फटीचं जे करते तेच मी केलं. पांढरं सिमेंट कालवलं आणि बोटाने भरून टाकली, म्हणजे मुंग्या नकोत, झुरळं नकोत. सिमेंट वाळायला वेळ लावत होतं, खालून ओल येत असल्यासारखं. मी नवऱ्याला म्हटलं, बघा, तुमच्या गुळण्या अजून वर येतायत. दोन दिवसांनी त्यावर डिस्टेंपरचे दोन हात मारले. कोपरा असा झाला की तिथे जेवायला बसावं.

त्याच आठवड्यात सोसायटीने इंजिनिअर आणला. बिल्डिंग जुनी झाली की तपासून घ्यावी लागते, तसा नियम आहे. सेक्रेटरी त्याला घेऊन मजल्या-मजल्यावर फिरत होता. सेक्रेटरी दुसऱ्या मजल्यावरचा, माझ्या मुलापेक्षा लहान, ठाण्याला कोर्टाजवळ कुठल्याशा ऑफिसात कामाला. वाईट नाही. पण त्याच्याकडे फाइल असते आणि फाइलमध्ये आहे तेवढंच जगात आहे असं त्याला वाटतं.

इंजिनिअरच्या हातात लहान हातोडी होती. जिथे प्लास्टर फुगलेलं, जिथे ओल, जिथे हिरवं, तिथे तो ठोकून बघायचा आणि लिहून घ्यायचा. तिसऱ्या बिऱ्हाडाच्या दाराशी दोनदा ठोकलं. शेजारणीच्या दाराशी तीनदा. तिने तोंड वाकडं केलं. मग आमच्याकडे आला. मी तोवर चहा ठेवला होता. त्याने कोपरा बघितला, पांढराशुभ्र, आणि हातोडी उचललीच नाही. मी त्याला कौतुकाने सांगितलं की सगळं मी स्वतः हाताने केलंय.

"आजी," तो म्हणाला, "सगळ्या बिल्डिंगने तुमच्यासारखं ठेवलं तर आम्हाला कामच उरणार नाही."

चार दिवस मी हवेत होते. शेजारणीला हे वाक्य मी किती वेळा ऐकवलं ते तिला विचारा. गणपती आले, दीड दिवस राहिले, गेले.

आता दातांचं सांगते, कारण ते पुराव्यात येतं. नात जाऊन आठ-दहा दिवस झाले नसतील तेव्हाच नवऱ्याचे उरलेले दात काढावे लागले होते आणि कवळी बसली होती. कवळी आल्यापासून त्याने गॅलरीत तोंड धुणं बंद केलं. चारचौघांत तोंडातून दात काढायची त्याला लाज वाटायची. मोरीत जायचा, दार लोटायचा, मग आतून खुळखुळ आवाज. म्हणजे पावसाळा सुरू झाल्यापासून त्या कोपऱ्यात गुळणीचा एक थेंब पडलेला नव्हता. हे माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसत नव्हतं. गणपतीआधी ओल वर आली तेव्हाही मी त्यालाच बोलले होते. तो तेव्हा गप्प बसला, कारण कवळी नवी होती आणि बोलताना सटकायची.

पाऊस गेला, दिवाळी गेली. मार्गशीर्ष लागला तेव्हा सगळीकडचं शेवाळ वाळून काळं पडलं होतं. पहिल्या गुरुवारी मी घट मांडायच्या आधी दार झाडत होते, आणि कोपऱ्यात मला एक हिरवी रेघ दिसली. माझ्या पांढऱ्या रंगातून वर आलेली. इकडे नाही, तिकडे नाही, जिथे मी बोटाने सिमेंट भरलं होतं बरोबर तिथून, भिंतीपासून कोपऱ्यापर्यंत. जसं कोणी हिरव्या दोऱ्याने टाका घातलाय.

रविवारी नात आली. तिला मी काही सांगितलं नाही, नुसती तिथे नेली. ती खाली बसली, बोट लावलं, बोट ओलं झालं. माझ्याकडे बघून म्हणाली, "आता आजोबा इथे गुळण्या करतात?"

 शेजारीण आपल्या दारात लसूण सोलत होती. तीच म्हणाली, "कशाच्या गुळण्या? दात आल्यापासून त्यांनी तोंडच उघडलं नाही."

तेव्हा मला कळलं. अंगात नळ नसलेलं झाड वाळक्या दिवसांत हिरवं आहे म्हणजे पाणी त्याच्या दाराशी येतंय. आमच्या बिल्डिंगच्या अंगात नळ आहेत. गच्चीवरच्या टाकीचा पाइप त्याच कोपऱ्यातून खाली जातो. पूर्वी कोणीतरी, दिसायला बरं दिसावं म्हणून, तो प्लास्टरमध्ये गाडून टाकला होता. आतला पाइप कुजला असणार, पाणी भिंतीतून गॅलरीच्या पोटात जात असणार, किती वर्षं ते त्यालाच माहीत. स्लॅबमधल्या सळया ते पीत होत्या. आणि मी दरवर्षी तारेचा ब्रश घेऊन ते सांगणाऱ्याचं तोंड घासून काढत होते.

संध्याकाळी मी सेक्रेटरीकडे गेले. त्याने शांतपणे ऐकलं आणि फाइल काढली. आमच्या टोकाच्या कोपऱ्यापुढे लिहिलं होतं, स्थिती चांगली. तो म्हणाला की शेवाळं सगळीकडे असतात, आजी, त्यांच्यासाठी इंजिनिअर पुन्हा बोलावता येत नाही, आता पुढच्या मिटिंगमध्ये घेऊ. मग जरा हसून म्हणाला, "आणि तुम्हीच तर त्यांना दाखवलंत ना, किती छान ठेवलंय ते."

 फट मी बुजवली असं तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. त्या इंजिनिअरचं कौतुक अजून अंगावर होतं, ते उतरवायला मन होत नव्हतं. एवढीच गोष्ट. तिला मोठं नाव द्यायची गरज नाही.

मी ठरवलं की सोसायटीचं सोसायटी बघेल, आपण आधी नवऱ्याला तिथून उठवायचं. आता इथे माझी अडचण समजून घ्या. त्याला उठवायचं तर पाणी भिंतीतलं आहे हे सांगावं लागणार, आणि ते सांगायचं म्हणजे इतक्या महिन्यांचं भांडण मी हरले हे सांगावं लागणार. मी तीन दिवस घेतले. तीन दिवस तो तिथे बसत होता आणि मी त्याला वाऱ्याची, उन्हाची, डासांची कारणं देत होते. तो डोंबिवलीतल्या डासांना घाबरून कोपरा सोडेल असा माणूस नव्हता. नात सोमवारी सकाळीच शाळेसाठी दिव्याला गेली होती. जाताना मला म्हणाली, आजी, सांग त्यांना. मी म्हटलं सांगते.

दुसऱ्या गुरुवारी सकाळी मी सांगितलं. तो पेपर वाचत होता. शेजारीण दारात होती, म्हणून मी हळू बोलले.

"अहो, ते पाणी तुमचं नव्हतं. भिंतीतून येतंय."

त्याने पेपर खाली केला. "पुन्हा बोल."

"भिंतीतून येतंय. पाइप फुटलाय आत. जागा बरी नाही, उठा तिथून."

"मोठ्याने बोल की. त्या वैनींना पण ऐकू दे."

शेजारीण म्हणाली की तिला ऐकू आलं, आणि तिचं काही म्हणणं नाही.

तो खुर्चीत मागे रेलला. इतका सुखी मी त्याला मुलाच्या लग्नातही बघितला नव्हता. "सात महिने गुळण्या, गुळण्या करून माझं डोकं खाल्लंस," तो म्हणाला. "नातीसमोर खाल्लंस. माझ्यावर पहारे बसवलेस. आणि आज निर्दोष सुटलो तर माझी जागा सोडू? शेवाळं बघून?"

मी म्हटलं, "शेवाळं नाही, पाणी. आत सळया कुजल्या असतील. उठा म्हणते ना."

"उठतो. आधी चहा आण. साखर घालून. दोन चमचे."

डॉक्टरने साखर बंद केली होती. पण हरलेल्या माणसाने काय बोलायचं? मी मनात म्हटलं, चहा देते, दोन घोट घेईल, उठेल. हात धरून ओढायला हवा होता. तेवढी ताकद माझ्यात होती. तारेच्या ब्रशाने भिंत घासणारी बाई मी, म्हाताऱ्याला खुर्चीतून उठवू शकले नसते असं नाही. पण मी आत गेले आणि आधण ठेवलं. बाहेर येईपर्यंत तो बसलेलाच होता. पुढचं सुरुवातीला सांगितलं आहे.

शेजारणीच्या उंबऱ्यात मी किती वेळ बसले ते मला माहीत नाही. ती म्हणते, दोन मिनिटं. मग खालून आवाज आला. नवऱ्याचाच आवाज होता, पण बोबडा, आणि तो माझं नाव घेऊन शिव्या देत होता. लग्नानंतर त्याने मला नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. शेजारीण म्हणाली, "उठा, जिवंत आहे."

तो इस्त्रीवाल्याच्या खोपटावर पडला होता. पत्रा वाकून मधे खड्डा झाला आणि तो त्यातून घसरत आत, इस्त्रीला आलेल्या चादरींच्या गाठोड्यांवर. स्लॅबचा मोठा तुकडा पलीकडे नालीत गेला. तो जर पत्र्यावर पडला असता, किंवा हा नालीत, तर मी हे लिहीत बसले नसते. इस्त्रीवाला खोपट्यात नव्हता. रोज त्या वेळी असायचा. तंबाखू संपली म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात गेला होता. आयुष्यभर मी त्याला तंबाखू सोड म्हणून सांगत आले, आता सांगत नाही.

नवऱ्याची मांडी मोडली, दोन बरगड्या मोडल्या आणि कवळी नालीत गेली. रिक्षात बसवता येईना, म्हणून गाडी बोलावून ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात नेला. शीळफाट्याकडून नको, तिथे ट्रक अडकलेत, असं ड्रायव्हर म्हणाला. तर नवरा पडल्या पडल्या त्याला दुसरा रस्ता सांगायला लागला. तेव्हा कुठे मी सीटला पाठ टेकली.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी इंजिनिअरला घेऊन दवाखान्यात आला. दोघांची तोंडं उतरलेली. सेक्रेटरीच्या हातात फाइल होती, पण त्याने ती उघडली नाही. इंजिनिअर म्हणाला की त्याने त्या कोपऱ्यात ठोकून बघायला हवं होतं. मी म्हटलं, हो, हवं होतं. मग मीही सांगितलं. शेवाळ मी काढलं, फट मी बुजवली, रंग मी मारला, आणि तुम्हाला चहा पाजून ते दाखवलं. सेक्रेटरीलाही मी अर्धंच सांगितलं होतं. सगळं लिहून घ्या म्हटलं. तो लिहीत होता तेव्हा नवरा बिनदाताच्या तोंडाने म्हणाला की गुळण्यांचंही लिहा, की त्या माझ्या नव्हत्या. इंजिनिअरला काही कळलं नाही. मी म्हटलं, लिहा, खरं आहे.

बिल्डिंग टेकू लावून रिकामी केली. आम्ही दिव्याला मुलाकडे आहोत. पाचव्या मजल्यावर. टँकर आला की मी बादली घेऊन उभी राहते, आणि नवरा काठी टेकत खिडकीतून मला कुठे उभं राहायचं ते सांगतो.

त्या दिवशी खाली पडला तो माझा नवरा. पत्र्याखाली असायला हवा होता तो इस्त्रीवाला. दारात होते ती मी, आणि माझा पदर धरणारी शेजारीण. चौघंही जगलो.